पुण्याचं नाक आणि आमच्या मावशींचा गुडघा



मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत कर्जमागणीचा अर्ज आला. चाळीस हजार रुपये. कारण लिहिलं होतं, 'गुडघ्याचं इंजेक्शन'. अर्ज करणाऱ्या मावशी गटाच्या सुरुवातीपासूनच्या. एकही हप्ता कधी चुकला नाही. पण गटाच्या पेटीत जे होतं त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच अर्जात जाणार, म्हणून सगळ्याजणी गप्प झाल्या. शेवटी एकीनं विचारलं, "मावशी, चाळीस हजाराचं इंजेक्शन असतंय का कुठं?"

मावशींनी पदराच्या गाठीतनं एक घडी घातलेला कागद काढला. एका शिबिरात मिळालेला. त्यावर लिहिलं होतं की आता ऑपरेशन नको, तुमच्याच रक्तातून, तुमच्याच पेशींतून गुडघा पुन्हा तयार होतो. शिबिरातल्या माणसानं हेही सांगितलं होतं की आठ दिवसांत पैसे भरले तर सवलत, नंतर साठ हजार. मावशींचं म्हणणं साधं होतं. "खुरपायला बसता येईना, बसलं तर उठता येईना. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारी मी, आता भवानीच्या पायऱ्या बघूनच माघारी फिरते."

त्या दिवशी आम्ही अर्ज मंजूरही केला नाही आणि नामंजूरही केला नाही. ठरवलं की आधी डॉक्टरांना नीट भेटायचं, आणि भेटायच्या आधी आपण तयारी करायची. ती तयारी करताना आम्हाला जी जुनी गोष्ट सापडली, ती आज सांगायची आहे. ती सुरू होते पुण्यात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी, आणि गुडघ्यापासून नाही तर नाकापासून.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज आणि टिपू सुलतान यांचं युद्ध झालं. इंग्रजांच्या फौजेत सामान वाहणारे बैल आणि ते हाकणारी माणसं आपल्या मुलखातली बरीच होती. त्यातला एक कावसजी. नाव पारशी वाटतं, पण त्याची बातमी छापणाऱ्यांनी तो मराठा शेतकरी असं लिहून ठेवलं आहे. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. पुढं वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीट करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं.

हे बघायला मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर हजर होते. त्यांनी पाहिलेली पद्धत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापून आली. आम्ही ती समजून घेतली आणि आधी हसूच आलं, कारण सामान सगळं आपल्या घरातलं. मेणाचा पातळ पत्रा करून तो कापलेल्या नाकावर बसवायचा आणि हवा तसा नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवतीनं रेघ मारायची, आणि तेवढी कपाळाची कातडी सोडवायची. पण पूर्ण सोडवायची नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी कड ताजी करून तिथं बसवायची. वरून कात पाण्यात भिजवून, कापडाच्या पट्ट्यांवर पसरून, पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. आपल्या पानातला कात! चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं कापड लावायचं. पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे भोकं बुजत नाहीत. आणि ती भुवयांमधली पट्टी पंचविसाव्या दिवशी कापायची.

सगळी विद्या त्या पट्टीत होती. कपाळाची कातडी नव्या जागी रुजेपर्यंत तिला रक्त मिळत राहिलं पाहिजे, नाहीतर ती काळी पडून गळून जाणार. तो वीट करणारा माणूस शाळेत गेला होता की नाही कोण जाणे, पण जिवंत भाग जिवंत ठेवूनच हलवायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कपाळावरची कातडी नाकावर नेऊन नाक करण्याचा हा विचार आला कुठून? सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची पद्धत सांगितली आहे. कपाळाची पद्धत कारागिरांच्या घरात हातातून हातात चालत आली होती. त्याच बातमीत म्हटलं आहे की हे काम इथं काही दुर्मिळ नाही, फार जुन्या काळापासून चालतं.

चालणारच. नाक कापणं ही शिक्षा होती. लढाईत हरलेल्याला, चोराला, आणि नवऱ्याला संशय आला म्हणून बाईला. आपल्या भाषेत 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली, ते उगीच नाही. त्या कारागिराच्या दारात कावसजीच्या आधी किती बायका येऊन गेल्या असतील याची नोंद कुणी केलेली नाही. आणखी एक नोंद राहून गेली. रोग्याचं नाव छापलं, बघायला उभ्या असलेल्या डॉक्टरांची नावं छापली, चित्रकाराचंही छापलं. ज्यानं नाक केलं त्याचं नाव मात्र कुठंच नाही. गटाच्या हिशोबात असं झालं असतं तर आम्ही वही फेकून दिली असती.

चित्रकाराचा मुद्दा आमच्या कामाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. जेम्स वेल्स नावाचा हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रं त्यानंच काढली. त्यानं कावसजीचंही चित्र काढलं, जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे नाक बसवल्यानंतर दहा महिन्यांनी. मावशींच्या कागदावरही दोन फोटो होते. एकात बाई काठी धरून, दुसऱ्यात तीच बाई जिना चढताना. मध्ये किती दिवस गेले, ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या प्रश्नांच्या यादीतला पहिला प्रश्न इथून आला: हा फोटो इंजेक्शननंतर किती महिन्यांनी काढला? चार दिवसांनी कुणीही जिना चढेल, दुखणं मारणारी गोळी घेऊनसुद्धा चढेल. दहा महिन्यांनी काय होतं ते बघायचं असतं.

ती बातमी लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं वाचली. त्यानं काय केलं? लगेच पाटी नाही लावली. त्यानं जवळपास वीस वर्षं वाट बघितली. हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडून माहिती काढली, मृतदेहांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला पहिल्या रोग्यावर शस्त्रक्रिया केली. भूल नव्हती तेव्हा, ती १८४६ नंतर आली. काम पंधरा मिनिटांत झालं म्हणतात. १८१६ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुण्याची पद्धत युरोपभर गेली. आजही प्लास्टिक सर्जरी शिकणाऱ्यांना कपाळाच्या कातडीची ही पद्धत शिकवतात.

हे सगळं ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "मग बरोबरच आहे की. आपलंच अंग आपल्याला लावायचं. गुडघ्याचंबी तसंच." इथं आम्हाला जरा वेळ लागला. कावसजीच्या नाकात नवं काही उगवलं नव्हतं. होती तीच कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली आणि रुजली. कापलेली बोटं किंवा झिजलेली कूर्चा पुन्हा उगवणं, ही गोष्ट वेगळी. दोन हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते तिला कूर्चा म्हणतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती झिजली की सहज भरून येत नाही.

पण शरीरात काही भाग असे आहेत की ते सतत नवे होत असतात. रक्त हा त्यातला पहिला. हाडांच्या पोकळीतल्या मगजात अशा मूळ पेशी असतात की त्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात. रोग्याचा मगज बिघडला तर दुसऱ्याच्या निरोगी मगजातल्या मूळ पेशी त्याला द्यायच्या, हा विचार गेल्या शतकात पक्का झाला. आपल्याकडं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ च्या मार्चमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. तिला रक्ताचा कर्करोग होता आणि मगज दिला तिच्या भावानं. देशातलं हे पहिलं यशस्वी प्रत्यारोपण मानलं जातं. डॉ. अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यामुळं चाकाच्या खुर्चीत बसून काम करत. मूळ पेशींचा जो उपचार खरोखर सिद्ध झालेला आहे, तो मुख्यतः हा. स्टेम सेल हा शब्द कागदावर दिसला की आधी विचारायचं: रक्ताच्या आजारासाठी आहे, की दुसऱ्या कशासाठी?

कातडीची गोष्टही पुढं गेली. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली त्वचापेढी सुरू केली. भाजलेल्या बायका तिथं किती येतात हे वेगळं सांगायला नको. स्टोव्ह, चूल, आणि त्याच्या आडून जे घडतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ यांवरचा कातडीचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ठेवली तर ती पाच वर्षांपर्यंत टिकते. आम्हाला यात महत्त्वाचं वाटलं ते हे की ही दुसऱ्याची कातडी कायमची राहत नाही. ती काही आठवडे जखम झाकते, पाणी आणि मीठ अंगातून निघून जाऊ देत नाही, जंतूंना अडवते. तेवढ्या वेळात रोग्याची स्वतःची कातडी भरते किंवा लावता येते. म्हणजे उपचार काय करतो, तर शरीराला वेळ मिळवून देतो. जाहिरातीतला 'नवा गुडघा' आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता गुडघ्याकडं येऊ. मावशींच्या कागदावर एकाच ओळीत दोन गोष्टी कालवल्या होत्या. रक्त काढून ते यंत्रात फिरवतात, प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा करतात आणि तो सांध्यात टोचतात, त्याला पीआरपी म्हणतात. ह्यात मूळ पेशी नसतात. दुसरा प्रकार पेशींचा. मगजातून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी टोचायच्या. दोन्हींना मिळून पुनरुज्जीवनाचा उपचार असं एकच नाव देतात, आणि तिथंच सामान्य बाई फसते.

पीआरपीबद्दल ऑस्ट्रेलियात एक मोठा प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २८८ लोक घेतले, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते रोग्यांनाही सांगितलं नव्हतं. वर्षानंतर दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, कूर्चेतही नाही. फायदा दिसला असं सांगणारे दुसरे अभ्यासही आहेत, आणि बरं वाटलं म्हणणारी माणसं आमच्याही ओळखीत आहेत. पण मिठाच्या पाण्यानंही बरं वाटतं, ही गोष्ट आमच्या बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ चघळली गेली. एकीनं तर तिथल्या तिथं हिशोब मांडला, चाळीस हजारात किती पोती मीठ येईल.

पेशींबद्दल सरकारचे नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २००७ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१३ मध्ये ती सुधारली तेव्हा नावातला 'उपचार' हा शब्दच काढून टाकला, फक्त 'संशोधन' ठेवला. एका शब्दाची ही खाडाखोड आम्हाला फार बोलकी वाटते. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मूळ पेशींचा वापर हा प्रयोग आहे आणि तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचा. २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिमंडळानं स्वमग्न मुलांना स्टेम सेल देऊ नयेत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी गुडघ्याच्या मध्यम झिजेवरच्या एका पेशी-औषधाला मात्र देशाच्या औषध महानियंत्रकांनी परवानगी दिली. म्हणजे सगळंच खोटं असं नाही. म्हणूनच नाव विचारायचं. 'स्टेम सेल' म्हणू नका, औषधाचं नाव सांगा, परवानगी कुठल्या आजारासाठी आणि झिजेच्या कुठल्या टप्प्यासाठी आहे ते सांगा, असं विचारायचं. आणि प्रयोग असेल तर तो देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदवलेला असतो. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात. चाळीस हजारही घ्यायचे आणि प्रयोगही म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही.

इथपर्यंत माहिती झाली. पण डॉक्टरांपुढं बसल्यावर हे बोलणार कोण? मावशी म्हणाल्या, "मला तिथं गेल्यावर तोंडच फुटत नाही." यात त्यांचा दोष नाही. आपल्या बाजूच्या बायकांना दवाखान्यात गप्प बसायला कसं शिकवलं गेलं, त्याचाही इतिहास आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातली ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ मध्ये राज्यभर गाजली. सरकारी समितीसाठी ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बायका. पांढरं जातंय म्हणून गेल्या, आणि पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल ही भीती घेऊन सही करून आल्या. पाळीला खाडा परवडत नव्हता, कारण कोयता बंद पडला की मुकादम पैसे कापतो. आपल्या वाशी, कळंब, भूम भागातूनही टोळ्या जातात, तेव्हा ही गोष्ट परक्यांची नाही.

आणि सहीबद्दल कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ चा एक निकाल आहे. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई १९९५ मध्ये जास्त रक्तस्राव होतो म्हणून दवाखान्यात गेली. तपासणीसाठी तिला भूल दिली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. न्यायालयानं म्हटलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला संमती नव्हे, आणि शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीनं, जिवावर बेतलेलं नसताना, आईलाही सही करता येत नाही. उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, उपचार न घेतला तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमती हीच खरी. आमच्या यादीतले पुढचे चार प्रश्न सरळ या निकालातून उचलले. नवऱ्याची सही, मुलाची सही हा तर आपल्याकडं रोजचा मामला. मावशींच्या मुलानं शिबिरात नाव नोंदवताना आईला विचारलंही नव्हतं.

पण आपल्या जिल्ह्यानं बायकांना प्रश्न विचारायलाही शिकवलं आहे, आणि तेही अशा वेळी की तेव्हा रडायलासुद्धा वेळ नव्हता. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनानंतरची पहाट. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही तेव्हा कडेवरच्या, काहीजणी जन्मलेल्याही नव्हत्या. आमच्या आयांनी, सासवांनी ते पाहिलं. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं घरं दुरुस्त करण्याचा, बळकट करण्याचा कार्यक्रम आला. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं लातूर आणि आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. इंजिनिअर आणि गाव यांच्यामधला दुवा. ज्या बायका दारात पुरुषांपुढं उभ्या राहत नव्हत्या त्या विचारू लागल्या: सिमेंट किती, वाळू किती, कोपऱ्यात सळई घातली का, हप्ता कशाचा मिळाला. आजचे आमचे बचत गट त्याच बायकांच्या मागून उभे राहिले. मावशीही त्यातल्याच. आम्ही त्यांना एवढंच म्हणालो, "मावशी, इंजिनिअरला सळई विचारली होती ना? आता गुडघ्याची सळई विचारायची."

मग तयारी चार दिवस चालली. सगळ्यात अवघड गेलं ते दुखणं सांगणं. 'लई दुखतंय' एवढ्यानं डॉक्टरांना काही कळत नाही. आम्ही मावशींना दिवस सांगायला लावला. सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतो, संडासला बसताना की उठताना जास्त दुखतं, कळशी डोक्यावर असली तर किती पावलं, चुलीपुढं किती वेळ, रात्री झोपमोड होते का. सुनेनं ते वहीच्या पानावर लिहिलं. जुना एक्स-रे माळ्यावर सापडला, गुंडाळून ठेवल्यानं चिरा पडलेला, म्हणून नवा काढला. गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घातली. साखरेची, रक्तदाबाची, आणि मेडिकलवाल्यानं दिलेली दुखण्याचीही. रक्त पातळ करणारी गोळी किंवा दुखण्याची गोळी चालू असेल तर पीआरपीच्या आधी डॉक्टरांना ती सांगावीच लागते, पण स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आधी कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं का, हेही आठवून लिहिलं. घेतलं होतं, दोनदा, आणि मावशींना ते 'ताकदीचं' म्हणून दिलं होतं.

खर्चाचे प्रश्न वेगळे. चाळीस हजार म्हणजे एक इंजेक्शन की तीन? पुन्हा लागलं तर? तपासणी, जाण्यायेण्याचं भाडं, कामाचे बुडालेले दिवस धरले का? पक्की पावती मिळेल का, आणि पावतीवर उपचाराचं नाव काय लिहिणार? सांध्यात जंतू गेले तर बघणार कोण, इथले डॉक्टर की शिबिरातले? आणि एक ठरवून टाकलं. त्याच दिवशी सही नाही, अंगठा नाही. प्रयोगाचा कागद असेल आणि वाचता येत नसेल, तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवावा लागतो, असा नियमच आहे. मावशींना वाचता येतं, पण अक्षर बारीक असलं की चष्मा नाही म्हणतात. चष्मा पिशवीत सगळ्यात आधी टाकला.

शिबिरवाल्यांकडं जाण्याआधी आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. सोबत सून आणि आमच्यापैकी एकजण. बाहेर दोन तास बसलो, आत बारा मिनिटं मिळाली. त्या बारा मिनिटांसाठीच कागद असतो. डॉक्टरांनी आधी एक्स-रे उजेडावर धरला, मग वहीचं पान वाचलं आणि म्हणाले, "हे बरं केलंत." झीज शेवटच्या टप्प्याची होती, हाडाला हाड लागलेलं. मावशींनी विचारलं, "माझ्यासारख्या गुडघ्याला ते इंजेक्शन दिलेल्या बायका वर्षानंतर कशा असतात?" डॉक्टर थोडं थांबले. म्हणाले की इतक्या झिजेला त्याचा भरवसा ते देऊ शकत नाहीत, आणि घेतलंच तर गादी पुन्हा उगवेल अशी अपेक्षा ठेवू नये. मग मावशींचा पुढचा प्रश्न, नाही घेतलं तर? त्यावर मांडीचे व्यायाम, वजन, खाली बसणं बंद, आणि पुढंमागं सांधा बदलण्याचा विचार. त्यासाठी सरकारी रुग्णालयात आणि जन आरोग्य योजनेच्या कक्षात आधी चौकशी करा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. खाली बसायचं नाही तर खुरपायचं कसं, याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. ते आमच्याकडंही नाही.

परत येताना एसटीत मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. आशा घेऊन गेलेल्या माणसाला माहिती मिळाली की समाधान होतंच असं नाही. "त्या कागदावरची बाई जिना चढत होती गं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी जुना अर्ज मागे घेऊन नवा दिला. सहा हजारांचा. संडासात बसायची खुर्ची, उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा, आणि उरलेले पैसे सांधा बदलण्याच्या चौकशीच्या फेऱ्यांना. तो अर्ज पाच मिनिटांत मंजूर झाला. शिबिरातून दोनदा फोन आला, सवलत वाढवली म्हणून. सुनेनं औषधाचं नाव आणि परवानगीचा कागद मागितला, तेव्हापासून फोन नाही.

प्रश्नांचं ते पान आम्ही गटाच्या वहीत चिकटवून ठेवलं आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या एकीनं ते उतरवून नेलं. तिच्या लेकीचे दिवस भरत आलेत आणि बाळाच्या नाळेचं रक्त पैसे भरून पेढीत साठवा म्हणून एकजण घरी येऊन गेला. स्वतःच्याच बाळाला पुढं वापरता येईल म्हणून असं साठवण्याची शिफारस आयुर्विज्ञान परिषद करत नाही, हे आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते ऐकलं. पण पान द्या, त्याला मीच विचारते."